घरच्या घरी मोटारसायकल धुताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी धुताना होणारं नुकसान बहुतेक वेळा घाईतून आणि जोर लावण्यातून होतं. इथली जवळपास सगळी उत्तरं एकाच गोष्टीकडे येतात: घाण भिजवून सैल करायची आणि पाण्यानं वाहून जाऊ द्यायची. रगडून काढायची नाही. दुसरी एक सूचना आधीच देतो. तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत काही वेगळं लिहिलेलं असेल, तर इथलं बाजूला ठेवा आणि पुस्तिकेचं ऐका.

किती दिवसांनी धुवावी?

दिवस मोजून ठरवू नका, गाडीला काय चिकटलंय ते बघून ठरवा. नुसती धूळ असेल तर दोन-तीन आठवडे काही बिघडत नाही. चिखल मात्र वाळू देऊ नका, कारण तो ओल धरून ठेवतो आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला, इंजिनाखाली, स्टँडच्या सांध्यात गंज तिथूनच सुरू होतो. समुद्रकाठी फिरून आलात किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यावरून आलात, तर त्याच दिवशी भरपूर साध्या पाण्यानं गाडी विसळून घ्या. साबण नंतर सवडीनं लावला तरी चालतो. पक्ष्यांची विष्ठा दिसली की तेवढा भाग लगेच साफ करायचा. ती आम्ल असते, आणि उन्हात तापलेल्या रंगावर राहिली तर तिचा डाग कायमचा उमटतो.

रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसतो. ते पुरेसं नाही का?

चकाकी सगळ्यात जास्त या सवयीनंच जाते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा कठीण असतात. तो थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. कोरडं फडकं फिरवलं की प्रत्येक कण स्वतःची एक रेघ ओढत जातो. काळ्या किंवा गडद रंगाच्या टाकीवर उन्हात जे गोल गोल जाळं दिसतं ना, ते असंच तयार होतं. पिसांच्या झटकणीनंही तेच होतं, फक्त जरा हळू.

धूळ बसून राहिली म्हणून रंगाचं काही बिघडत नाही. ती ओढली की बिघडतं. त्यामुळे रोज पुसायचंच असेल तर सीट, आरसे, दिवा आणि हँडल ओल्या फडक्यानं पुसा आणि टाकी तशीच राहू द्या. तीही पुसायची असेल तर आधी तिच्यावर पाणी फवारा, मिनिटभर थांबा आणि स्वच्छ, मऊ मायक्रोफायबरचं फडकं दाब न देता एकाच दिशेनं फिरवा. एकदा फिरवलं की फडक्याची घडी बदला.

गरम इंजिनावर पाणी टाकलं तर तडा जातो का?

पावसात चालणाऱ्या गाड्यांच्या तापलेल्या इंजिनांवर पाणी पडतच असतं, त्यामुळे लगेच तडा जाईल अशी भीती बाळगायचं कारण नाही. तरीही गाडी थंडच धुवावी, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. तापलेल्या धातूवर साबण क्षणात वाळतो आणि त्याचे पांढरे डाग पडतात. सायलेन्सरच्या पाइपवर पाण्याचे थेंब जागच्या जागी आटून खुणा सोडतात. जोरात ब्रेक मारत आला असाल तर डिस्क फार तापलेली असते आणि एकदम गार पाणी पडलं तर ती वाकण्याचा धोका असतो. शिवाय हात भाजतो, तो वेगळाच. अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिनावर तळहात आरामात टेकवता आला की सुरू करा.

उन्हात धुतली तर?

साबण वाळतो, पाणी वाळतं, डाग राहतात. सावलीत धुवा. तशी जागा नसेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

सुरू करण्यापूर्वी काय झाकायचं?

सायलेन्सरचं तोंड, किल्लीचं भोक आणि एअर फिल्टरच्या डब्याचं हवा घेणारं तोंड उघड्यावर असेल तर तेही. सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड पुरतं. किल्लीच्या भोकावर कागदी चिकटपट्टी लावा. मोबाइल चार्ज करायचा सॉकेट बसवलेला असेल तर त्याचं झाकण नीट बंद आहे ना, ते बघा.

सायलेन्सर झाकताना मी एक गोष्ट नेमानं करतो: गाडीची किल्ली त्याच पिशवीला बांधून ठेवतो. म्हणजे पिशवी काढल्याशिवाय गाडी सुरू करताच येत नाही.

सामान काय काय लागतं?

दोन बादल्या, वाहनांसाठीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा किंवा लोकरीसारख्या मऊ तंतूंचा हातमोजा, दोन-तीन मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश, आणि पुसण्यासाठी पाणी शोषणारे दोन मोठे टॉवेल.

दोन बादल्यांचा आग्रह का, तर एकीत साबणाचं पाणी असतं आणि दुसरीत नुसतं साधं. हातमोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच साबणाच्या पाण्यात बुडवायचा. एकच बादली असली की टाकीवरून काढलेली वाळू तुम्ही पुन्हा टाकीवरच चोळत असता. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. तिथे बसलेली माती पाहिली की पुढच्या वेळी दुसरी बादली घ्यायला कोणी सांगावं लागत नाही.

चाकं आणि इंजिनाची फडकी वेगळी ठेवा. कधीच मिसळू नका. ब्रेकच्या भुकटीत धातूचे कण असतात. ते फडक्यात अडकले की धुऊनही पूर्ण निघत नाहीत. आणि हातातून जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी परत रंगाला लावू नका.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर चालेल का?

भांड्यांचा साबण तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे रंगावर लावलेलं मेणही तो काढून टाकतो. एखाद्या वेळी वापरला तर आकाश कोसळत नाही. दर वेळी वापरला तर रंगाचं संरक्षण जातं. कपड्यांची पावडर मात्र नकोच. ती अल्कलीयुक्त असते, उघड्या अॅल्युमिनियमवर पांढुरके डाग पाडते आणि तिचे न विरघळलेले कण रंग खरवडतात. वाहनांच्या बऱ्याचशा शाम्पूंचा पीएच ७ च्या आसपास असतो, म्हणजे ते ना आम्ल ना अल्कली, आणि त्यात हात सटकन सरकेल असा बुळबुळीतपणा असतो. रंग वाचवण्यात त्या बुळबुळीतपणाचाच मोठा वाटा आहे. शाम्पू बाटलीवर लिहिलंय तेवढाच घ्या. जास्त घातल्यानं गाडी जास्त स्वच्छ होत नाही, विसळायला पाणी मात्र दुप्पट लागतं.

नेमका क्रम काय?

गाडी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर ती कललेली असते आणि एका बाजूच्या खाचांमध्ये पाणी साठून राहतं. साइड स्टँडच असेल तर त्याखाली फळी ठेवा, कारण माती भिजल्यावर स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते.

चेन साफ करायची असेल तर ती सगळ्यात आधी, गाडी कोरडी असताना. चेनची काळी घाण रिमवर आणि मडगार्डवर उडतेच, ती नंतरच्या धुण्यात निघून जाते.

मग साधं पाणी. वरून खाली, हलक्या धारेनं, पूर्ण गाडी भिजेपर्यंत. इथे थांबा. पाच मिनिटं. चिखल वाळलेला असेल तर दहा मिनिटं, आणि मध्ये एकदा परत पाणी मारा. हीच पायरी लोक सर्वाधिक गाळतात आणि हिनंच निम्मं काम होतं. वाळलेला चिखल म्हणजे खरकागदच. भिजला की तो स्वतःच घसरून खाली येतो. नखानं, ब्रशनं किंवा काठीनं खरवडून काढू नका.

त्यानंतर साबण, तोही वरून खाली: टाकी, आरसे, दिवा, सीट, बाजूच्या पट्ट्या, मागचा भाग. मग इंजिन, आणि चाकं अगदी शेवटी, वेगळ्या फडक्यानं आणि ब्रशनं. स्पोकची चाकं असतील तर प्रत्येक तार बोटांत फडकं धरून पुसावी लागते. वेळ जातो, पण तारा जिथे रिममध्ये शिरतात तिथलीच माती गंज आणते. साबण कुठेही वाळू देऊ नका. गाडी मोठी असेल तर अर्धी धुऊन विसळा आणि मग उरलेली घ्या.

शेवटचं पाणी नळीचा फवारा काढून, मोकळ्या संथ धारेनं सोडा. पाणी चादरीसारखं सरकत जातं आणि मागे थेंब कमी उरतात.

प्रेशर वॉशर वापरू का?

माझं मत विचाराल तर मोटारसायकलला त्याची गरज नाही. चारचाकीचे नाजूक भाग पत्र्याआड असतात, मोटारसायकलचे उघड्यावर असतात. चाकांची बेअरिंग, हँडलखालचं स्टेअरिंग बेअरिंग, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा सांधा, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची सीलं, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंगा आणि वायरींचे कनेक्टर हे सगळं पाऊस आणि चिखल बाहेर ठेवण्यासाठी केलेलं असतं. नळाच्या पाण्याचा दाब साधारण २ ते ४ बार असतो. घरगुती प्रेशर वॉशर १०० बारच्याही वर जातो. एवढ्या दाबाचं पाणी सीलच्या ओठाखालून आत जातं, ग्रीस धुऊन टाकतं आणि आतच राहतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी चाक गुरगुरायला लागतं किंवा हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटायला लागतं. तोवर त्या धुण्याचा आणि या बिघाडाचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

वापरायचाच असेल तर पंख्यासारखी पसरट धार देणारा नोझल लावा आणि किमान एक मीटर अंतर ठेवा. मडगार्डच्या आतली बाजू आणि टायर एवढ्यावरच थांबा. चाकांचे मध्य, हँडल, मीटर, स्विच, रेडिएटर, चेन, सीटखालची बाजू आणि स्टिकर यांच्यावर तो रोखू नका.

चेन कशानं साफ करायची?

रॉकेलनं किंवा चेनसाठीच्या क्लीनरनं. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक कडीत रबरी ओ-रिंग असते आणि तिच्याआड कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं. बाहेरून तुम्ही कितीही तेल घाला, ते आत पोहोचत नाही. म्हणून या रिंगा जपणं म्हणजेच चेन जपणं. पेट्रोल आणि थिनर रबर खराब करतात, आणि पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. गाडी साफ करायला पेट्रोल कुठेच वापरू नका, इंजिनालाही नाही. तारेचा ब्रशही नको. तो रिंगा कापतो.

मऊ ब्रश रॉकेलमध्ये बुडवून चेन चारही बाजूंनी घासा, फडक्यानं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खाली जुना पुठ्ठा किंवा ट्रे ठेवा.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. चाक हातानं फिरवायचं. इंजिन सुरू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. फडकं चेनमध्ये ओढलं जातं, त्यामागून बोटं स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेनच्या दातेरी चाकापाशी जातात आणि तुटतात. हात मागे घेण्याएवढाही वेळ मिळत नाही. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली खिशात. यात सवलत नाही.

वंगण कधी आणि किती?

चेन पूर्ण कोरडी झाल्यावर, आणि शक्यतो थोडं फिरून आल्यावर ती कोमट असताना. माहितीपुस्तिकेत सांगितलेलं चेन ल्यूब किंवा गिअर ऑइल खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूवर लावा. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं. दहा मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. चेनवर ओघळ दिसत असतील तर ते तेल उद्या मागच्या टायरवर असेल. जमलं तर हे रात्री करा आणि गाडी सकाळी काढा. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि भिजलेल्या प्रत्येक प्रवासानंतर वंगण द्यावं. धुतल्यावर तर द्यायलाच हवं.

डब्ल्यूडी-४० स्प्रे चेनला चालतो ना?

या नावातली पहिली दोन अक्षरं पाणी हटवणं या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ साली ते रॉकेटच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी तयार झालं. निळ्या-पिवळ्या डब्यातलं ते नेहमीचं मिश्रण आजही त्याच कामाचं आहे: ओल हटवणं, अडकलेला बोल्ट सैल करणं, चिकट डाग काढणं. ते पातळ असतं आणि चेनवर टिकत नाही. तेवढंच मारून निघालात तर चेन कोरडीच चालते. ब्रेकच्या आसपास तर ते फवारूच नका.

धुतल्यावर ब्रेक नीट लागत नाही. काही बिघडलं का?

बहुधा नाही. डिस्कवर आणि पॅडवर पाणी आहे. ड्रम ब्रेक असेल तर आत ओल शिरली आहे आणि तो सुकायला जास्त वेळ घेतो. रस्त्यावर येण्यापूर्वी मोकळ्या जागेत अगदी हळू चालवत दोन्ही ब्रेक आठ-दहा वेळा हलके दाबा. पकड परत आली की मगच निघा.

दुसऱ्या दिवशी डिस्कवर नारिंगी पापुद्रा दिसला तर घाबरू नका. तो वरवरचा गंज आहे, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. त्याला तेल किंवा पॉलिश लावू नका.

आणि चुकून तेल किंवा पॉलिश डिस्कवर गेलंच तर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसून काढा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदला. ते घासून किंवा भाजून वाचवण्याचे उपाय सांगितले जातात, पण ज्या ब्रेकवर जीव अवलंबून आहे तिथे मी ते करणार नाही.

टायर आणि सीट चमकवू का?

नाही. टायर पॉलिश निसरडं असतं, आणि मोटारसायकल वळणावर टायरच्या कडेवरच टेकते. सीटवर सिलिकॉनचं पॉलिश लावलं तर ब्रेक दाबल्यावर बसणारा पुढे सरकतो. हँडलच्या मुठी आणि पायदानांनाही हेच लागू. सौम्य साबण आणि पाणी, बस.

मॅट रंगाची गाडी वेगळी धुवायची का?

हो. मॅट रंगाचा खडबडीतपणा प्रकाश विखुरतो, म्हणून तो मऊ दिसतो. पॉलिश, मेण किंवा कंपाउंड लावून घासलंत तर तेवढी जागा गुळगुळीत होते आणि तिथे चमकणारा पट्टा उमटतो. तो परत मॅट होत नाही, तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून मेण नको, जोर नको, मशिन नको. मॅटसाठीचा शाम्पू, मऊ हातमोजा आणि थापून टिपणं. गुडघ्यांचे आणि बोटांचे तेलकट डाग या रंगावर पटकन दिसतात. ते साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं काही मिनिटं ठेवून काढा.

काचेवर आणि दिव्यावर किडे चिकटलेत, निघत नाहीत.

ओलं फडकं त्यावर दहा मिनिटं टाकून ठेवा आणि तुम्ही चहा प्या. परत आलात की ते अलगद निघतात. पुढची काच आणि बऱ्याच दिव्यांची काच खरं तर प्लास्टिकची असते. घरातला अमोनियाचा काच-क्लीनर, पेट्रोल किंवा थिनर लागलं तर ती धूसर होते, कधी बारीक तडकते. हेल्मेटच्या काचेलाही हेच लागू आहे.

डांबराचे ठिपके मात्र पाण्यानं सुटत नाहीत. कापसाच्या बोळ्यावर थोडं रॉकेल घेऊन ठिपक्यावर मिनिटभर टेकवा, पुसा, आणि लगेच तो भाग साबणानं धुवा. हा उपाय चमकदार रंगासाठी आहे, मॅटसाठी नाही.

पुढच्या फोर्कचा आणि रेडिएटरचा काही खास विचार?

फोर्कच्या चकचकीत नळीवर वाळलेले किडे आणि चिखल राहिले की दर खड्ड्याला ते सीलवर घासतात, सील फाटतं आणि तेल गळायला लागतं. ओल्या मऊ फडक्यानं ती नळी दर धुण्यात पुसा. काम दोन मिनिटांचं आहे.

रेडिएटरच्या पात्या बोटानंसुद्धा वाकतात. त्यात अडकलेला कचरा मागच्या बाजूनं हलकं पाणी सोडून बाहेर काढा, ब्रशनं घासू नका.

पेट्रोलच्या टाकीत पाणी जाऊ शकतं का?

जाऊ शकतं, आणि याचं कारण फार थोड्यांना ठाऊक असतं. अनेक गाड्यांच्या टाकीच्या झाकणाभोवती खोलगट जागा असते. तिथलं पाणी वाहून जायला एक बारीक भोक आणि खाली उतरणारी नळी असते. ते भोक मातीनं बुजलं की झाकणाभोवती तळं साचतं आणि झाकणाचं रबर जुनं असेल तर पाणी टाकीत झिरपतं. झाकण उघडून ते भोक शोधा. ते बुजलेलं असेल तर पातळ प्लास्टिकच्या तारेनं मोकळं करा. नेमकं तेच भोक आहे याची खात्री करून घ्या, आणि माती टाकीत पडणार नाही याकडे लक्ष असू द्या.

पुसणं खरंच गरजेचं आहे का? आपोआप वाळेलच की.

पाणी वाळतं, त्यातले क्षार वाळत नाहीत. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे ते पांढरे गोल ठिपके गडद रंगावर आणि क्रोमवर हट्टानं बसतात. टॉवेल पसरून वरून थापा, पाणी शोषलं जाऊ द्या, मग अलगद ओढा. आरशांच्या मागे, स्विचांच्या फटीत आणि बोल्टांच्या खोबणीत पाणी राहतंच. हवा मारणारं यंत्र असेल तर ते तिथे कामाला येतं, फक्त बेअरिंगच्या सीलवर जवळून धरू नका.

मग थोडं फिरून या. दहा-पंधरा मिनिटांची फेरी सगळ्यात चांगलं सुकवते, कारण इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापून आतली ओलही उडते. नुसतं मिनिटभर सुरू करून बंद केलं तर उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. बंद खोलीत किंवा गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

धुतल्यावर गाडी सुरूच होत नाही.

आधी साध्या गोष्टी बघा: किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण), साइड स्टँड, आणि सायलेन्सरवरची पिशवी. त्यानंतर स्पार्क प्लगची टोपी. टोपी काढा, आतून पुसा, प्लगच्या खळग्यातलं पाणी कापडानं टिपा. बऱ्याच इंजिनांना त्या खळग्यातून पाणी वाहून जायला बाजूला एक भोक असतं, ते बुजलं की दर धुण्यात हाच त्रास होतो. कनेक्टर ओले असतील तर वाळू द्या.

एअर फिल्टरच्या डब्यात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारत बसू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि दट्ट्याचा दांडा वाकतो. डबा उघडून बघा. पाणी दिसलं तर प्लग काढून मेकॅनिकला दाखवा.

दिव्याच्या काचेत वाफ धरली आहे.

दिव्याला हवा खेळण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते, त्यामुळे हलकी वाफ धरणं नेहमीचं आहे. दिवा लावून फिरलात की ती जाते. तळाशी पाणी हलताना दिसलं तर मात्र सील गेलं आहे.

इलेक्ट्रिक मोटारसायकल धुता येते का? त्यावर आयपी६७ लिहिलंय.

धुता येते. पण धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा सांगणाऱ्या त्या आकड्याचा अर्थ समजून घ्या. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे तो भाग १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवला तरी त्यात अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. संथ पाण्यात बुडणं आणि जोरदार धारेचा मारा या दोन वेगळ्या चाचण्या आहेत, आणि धारेची हमी या ७ मध्ये येत नाही. शिवाय तो आकडा बहुतेक वेळा बॅटरीपुरता किंवा मोटरपुरता असतो, अख्ख्या गाडीचा नव्हे. म्हणून गाडी बंद, चार्जर काढलेला, चार्जिंगचं झाकण घट्ट, आणि हलकी धार. चार्ज होत असताना कधीच धुऊ नका आणि धुतल्यावर पोर्ट पूर्ण कोरडा असल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

पाणी कमी आहे. काय करू?

बागेत फवारायचा हातपंप घ्या. त्यानं गाडी भिजवायलाही पाणी पुरतं आणि विसळायलाही. एरवी नळी उघडी टाकून जे पाणी जातं त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. भिजवून थांबायची वेळ मात्र कमी करू नका, उलट वाढवा. रॉकेल आणि चेनची काळी घाण गटारात सोडू नका. डब्यात गोळा करा आणि वापरलेलं इंजिन ऑइल जिथे देता तिथेच द्या.

मेण लावल्यानं काय होतं?

पाणी आणि घाण चिकटून राहत नाही, पुढचं धुणं सोपं होतं. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण आहे, आणि ते काही आठवडे टिकतं. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतात. गाडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावर, सावलीत, अगदी पातळ थर लावा. आधीचे ओरखडे मेणानं जात नाहीत, फक्त थोडे झाकले जातात.

धुताना आणखी काय बघायचं?

माझ्या मते घरी धुण्याचं खरं कारण हेच आहे. हात गाडीच्या प्रत्येक भागावरून फिरतो, तेवढा तो एरवी कधीच फिरत नाही. एकदा मागचं चाक धुताना माझ्या बोटाला टायरमध्ये काहीतरी टोचलं. खिळ्याचं डोकं रबराच्या पातळीत बसलेलं होतं. हवा अजून गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे लांबच्या प्रवासाला निघायचं होतं. डोळ्यांना तो दिसला नसता.

म्हणून टायर फिरवताना खिळे आणि भेगा, फोर्कखाली तेल, इंजिनाच्या जोडांवर ओलसर धूळ, नंबरप्लेटचे आणि मडगार्डचे सैल बोल्ट, ब्रेकच्या पॅडची जाडी, सैल वाजणारे स्पोक, वायरींचं घासलेलं कव्हर हे सगळं बघत जा. स्टँडच्या आणि लिव्हरच्या सांध्यांमधलं ग्रीस धुतलं गेलेलं असतं, तिथे थेंबभर तेल किंवा चिमूटभर ग्रीस द्या.

लगेच कव्हर घातलं तर?

नको. ओल्या गाडीवरचं कव्हर वाफ कोंडतं आणि गंजाला हवी तशी जागा करून देतं. गरम सायलेन्सरला कव्हर चिकटून वितळतं आणि तो डाग काढणं फार जिकिरीचं. गाडी कोरडी आणि थंड झाली की, हवा खेळेल असं कापडाचं कव्हर घाला आणि खालून बांधा. वाऱ्यानं फडफडणाऱ्या कव्हरच्या आत धूळ असेल तर तेही टाकीवर रेघा ओढतं. त्यामुळे महिन्यातून एकदा कव्हर उलटं करून तेही धुवा.